देवगिरी इतका अवघड किल्ला, मग तो पडला कसा?

शेंगाचटणी
मागच्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा देवगिरी बघून आलो. सोलापुरातून पहाटे चारला निघालो, तुळजापूर, धाराशिव, बीड करत साडेदहा अकराला पायथ्याला. तीनशेच्या वर किलोमीटर होतात पण रस्ता आता चांगलाय.

आपण भुईकोटाच्या गावची माणसं. किल्ला म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर सिद्धेश्वर तळ्याच्या काठचा तट येतो, बाग येते, सकाळी फिरायला येणारी आजोबा मंडळी येतात. चढायचं काम नाही. त्यामुळे देवगिरी बघून मी खरंच दहा मिनिटं गाडीजवळ नुसता उभा राहिलो. डोंगराचा खालचा भाग चारी बाजूनं असा तासून काढलाय की पिठाच्या उभ्या डब्यासारखा सरळ दिसतो, बोट अडकवायला खाच नाही. आधी अंबरकोट, मग महाकोट, मग काळाकोट असे तट, वळणावळणाचे दरवाजे, मग कातळात खोदलेला खंदक आणि त्यावर जायला एकच वाट. ती ओलांडली की अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातनं वर जाणारा काळोखा बोगदा. गाईडनं आत मध्येच बॅटरी बंद केली आणि म्हणाला, आता चाला. माझा पाय पुढं पडेना. अंधारीच्या वरच्या तोंडाला लोखंडी झाकण टाकून त्यावर आग पेटवायचे म्हणे, म्हणजे आत धूर कोंडणार आणि शत्रू तिथंच गुदमरणार.

आता माझा प्रश्न. इतकं सगळं असून १२९६ ला अल्लाउद्दीन खिलजी आला आणि रामदेवराव यादव थोड्याच दिवसात शरण आले. १३०८ च्या सुमाराला मलिक काफूर आला, परत तेच. १६३३ ला मोगलांनी घेतला. येताना बीड येईपर्यंत गाडीत आमचा हाच विषय, की जो किल्ला चढून घेता येत नाही तो पडतो कसा? जाणकारांनी सांगा.

विजापूर_वेस
फितुरी. दुसरं काय असणार.

भटका_बार्शीकर
फितुरी म्हणून विषय संपवू नका राव, दरवेळी आपण हेच करतो. १२९६ ला फितुरी नव्हती, गाफीलपणा होता. अल्लाउद्दीन तेव्हा सुलतान पण नव्हता, कडा प्रांताचा सुभेदार होता, सासऱ्याला म्हणजे जलालुद्दीनला न सांगता परस्पर आला. सात आठ हजार घोडेस्वार घेऊन विंध्य ओलांडून कुणी इतक्या लांब दख्खनेत येईल हे इथं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलं. राजा हाताशी होती तेवढी माणसं घेऊन लढला आणि मग किल्ल्यात शिरला. त्यात अल्लाउद्दीननं हूल उठवली की मागून दिल्लीची मोठी फौज येतीय.

आणि तुम्ही बघितलेला देवगिरी हा त्या दिवशीचा देवगिरी नाहीच. तट, दरवाजे, बुरूज यातलं बरंचसं नंतरच्या साडेतीनशे वर्षातलं आहे, तुघलक, बहमनी, निजामशाही अशी एकावर एक भर पडत गेलीय. आज आपण तटाच्या आत तट बघतो आणि यादवांना दोष देतो, हे बरोबर नाही.

कस्तुरबा_मंडई
मिठाच्या पोत्यांची गोष्ट कुणीच कशी काढली नाही अजून? आम्हाला शाळेत बाईंनी सांगितलेली. घाईघाईत किल्ल्यात धान्याची पोती म्हणून चढवली आणि वेढा पडल्यावर फोडून बघतात तर आत मीठ!! किल्ला उपाशी पडला म्हणून शरण आले.

शेंगाचटणी
हो, गाईडनं पण हीच सांगितली. पण मला ती पटली नाही, इतकी मोठी चूक कशी होईल.

माजी_शिक्षिका
मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला, कदाचित वरच्या 'बाईं'सारखीच गोष्ट मीही वर्गात सांगितली असेल. ती गोष्ट फिरिश्त्याच्या इतिहासात आहे. फिरिश्ता विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात होता, म्हणजे आपल्यापासून शंभर किलोमीटरवर बसून त्याने ते लिहिलं, पण लिहिलं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. घटना १२९६ ची. मध्ये तीनशे वर्षं गेली. त्यामुळे ती साक्ष म्हणून नाही, आठवण म्हणून वाचावी. त्याच्या सांगण्यात बारकावा असा आहे की कोकणातून मीठ घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांचा तांडा किल्ल्याच्या पायथ्याला होता, शत्रू आल्यावर ते लोक माल टाकून पळाले आणि ती पोती धान्याची समजून वर नेली. म्हणजे राजाच्या माणसांनी खरेदीत चूक केली नाही, पडलेला माल उचलला.

पोरांना मी नेहमी हेही सांगायचे की शंकरदेव परत आल्यावर त्याने पुन्हा लढाई दिली. तहाची बोलणी झालेली असताना दिली, त्यात हरला आणि अटी आणखी कडक झाल्या. एलिचपूरचं उत्पन्न द्यावं लागलं. बाप शहाणा की मुलगा शूर यावर वर्गात भांडणं व्हायची, तास संपला तरी संपायची नाहीत.

सात_रस्ता
मॅडम मी मुलाच्या बाजूनं. वडील तह करत होते म्हणून त्यानं गप्प बसायचं का.

विजापूर_वेस
मी बापाच्या. उपाशी माणसं किल्ल्यात होती, मैदानात नव्हती.

हमालाचा_पोर
मी मध्ये बोलतो, मला इतिहासातलं काही कळत नाही पण पोत्यातलं कळतं. माझे वडील मार्केट यार्डात तीस वर्षं हमाली करून आता घरी बसलेत. मी पण कॉलेजच्या सुट्टीत थप्प्या लावलेल्या आहेत. ज्वारीचं पोतं आणि मिठाचं पोतं यात फरक कळत नाही असं होऊच शकत नाही. मीठ जड, त्याच पोत्यात मीठ भरलं तर वजन ज्वारीच्या जवळजवळ दीडपट जातं. पाठीवर घेतलं की ज्वारी पाठीच्या आकारानं बसते, दाणा आत सरकतो, मिठाचे खडे टोचतात, आणि दमट हवेत पोतं ओलसर लागतं. घाम आलेल्या पाठीला मीठ लागलं की कसं चुणचुणतं ते ज्यानं उचललंय त्यालाच माहीत. आणि इथं तर डोंगरावर चढवायचं होतं!! तुम्ही म्हणता तसा तासलेला डोंगर. हमालाला पहिल्या पोत्याला कळलं असणार.

म्हणून मला वाटतं गोष्ट खोटी. वडलांना विचारून सांगतो, ते आता झोपलेत.

कडकभाकरी
एक नंबर पॉइंट काढलास बे! सातशे वर्षं सगळे राजाबद्दल बोलत बसलेत आणि पोतं उचलणाऱ्याचं कुणी विचारलंच नाही.

तांड्यावरचा
मिठाचा विषय निघालाय तर माझं पण ऐका. मी सोलापूरजवळच्या तांड्यावरचा, आता पुण्यात नोकरीला. आमच्यात म्हातारे सांगतात की लमाण हा शब्द लवण वरून आला, लवण म्हणजे मीठ. बैलांच्या पाठीवर गोणी टाकून मीठ आणि धान्य देशभर फिरवायचं हा आमच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, रेल्वे आल्यावर तो बसला आणि मग तांडे एका जागी थांबले. लढाईतल्या फौजांना पण धान्य आमचेच लोक पुरवायचे, दोन्ही बाजूच्या.

त्यामुळे कोकणातून मीठ घेऊन आलेला तांडा पायथ्याला होता हे मला अगदी शक्य वाटतं. पावसाळ्याच्या आधी हा हल्ला झालेला ना? ते दिवस तांडे चालायचेच, पावसात मीठ घेऊन कोण घाट चढेल. आणि बैलाच्या पाठीवरची गोण वेगळी असते, दोन्ही बाजूला लोंबणारी, तोंडं घट्ट शिवलेली. शिवण उसवल्याशिवाय आत काय ते दिसत नाही. माल टाकून पळाले असं लिहिलंय ते मात्र वाईट वाटलं वाचून, बैल तरी नेले असतील का त्यांनी.

माजी_शिक्षिका
@तांड्यावरचा, फार चांगलं लिहिलंत. बैलांचा प्रश्न माझ्या कधी डोक्यात आला नव्हता.

होटगी_नाका
तुम्ही सगळे देवगिरी देवगिरी करता, सरकारी पाटीवर दौलताबाद आहे.

भटका_बार्शीकर
दोन्ही नावं त्याचीच. यादव भिल्लम पाचव्यानं ११८७ च्या सुमारास राजधानी केली ती देवगिरी. १३२७ ला मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी तिथं आणली आणि दौलताबाद नाव दिलं. मी देवगिरी म्हणतो कारण आजी तसं म्हणायची.

अक्कलकोटवाली
मला एक कळत नाही, आपल्या सोलापूरचा याच्याशी काय संबंध? गड बघायला सगळे सिंहगड, राजगड, प्रतापगडला जातात. देवगिरीला सहल जाते ती पण वेरूळला जाताना वाटेत लागतो म्हणून. महाराजांचा पाय तिथं लागला नाही, मग आपल्या मनात त्याची जागा कुठली?

पंढरीची_लेक
अक्कलकोटवाली ताई, तुमचा हा प्रश्न मला लागला, म्हणून जरा लांब लिहिते.

माझं माहेर पंढरपूर. विठ्ठलाच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे. आम्ही लहानपणी त्याला पाठ घासायचो, पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो असं आजी सांगायची. इतक्या लोकांच्या पाठी लागून तो दगड गुळगुळीत झालाय. त्या दगडावर काय लिहिलंय हे मला लग्नानंतर कळलं. विठ्ठलाच्या देवळासाठी कुणीकुणी काय दान दिलं त्याची यादी आहे ती, १२७३ ते १२७७ या वर्षातली. आणि त्यात नाव आहे रामचंद्रदेव यादवांचं, हेच ते देवगिरीचे रामदेवराव. त्यांचा प्रधान हेमाद्री पंडित, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्याचंही नाव आहे. म्हणजे देवगिरीचा राजा आपल्या जिल्ह्यात आपल्या विठ्ठलाच्या दारात येऊन दान देऊन गेलाय, आणि त्याच्या नावावर मी पाठ घासत मोठी झाले.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० ला सांगून झाली, शेवटी माउलींनी राजा म्हणून याच रामचंद्राचं नाव घेतलंय. त्यानंतर सहा वर्षात अल्लाउद्दीन आला. ही सहा वर्षं मी कायम बोटावर मोजते. मराठी नुकती पानांवर, दगडांवर बोलायला लागलेली, आणि तिच्या डोक्यावर ज्या गडाचं छप्पर होतं तो गड हलला. मला देवगिरी वेरूळच्या वाटेवरचा थांबा वाटत नाही. मला ते माहेराच्या माहेरासारखं वाटतं.

कडकभाकरी
ताई, वाचून अंगावर काटा आला. दहा वेळा तरी त्या दगडाजवळून गेलोय मी वारीत, एकदा पण थांबलो नाही.

माजी_शिक्षिका
पंढरीची_लेक, सगळं बरोबर लिहिलंय, फक्त एक भर. मराठी दगडावर त्याच्या किती तरी आधीपासून बोलतेय आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. हत्तरसंग कुडलचा शिलालेख शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा, भीमा आणि सीनेच्या संगमावर. यादवांनी तिला दरबारात मान दिला, हे खरं.

आणि अक्कलकोटवाली, महाराजांचा पाय लागला नसेल, पण जिजाऊंचं रक्त तिथं सांडलंय. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानतात. त्या घराण्याचे लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, १६२९ मध्ये निजामशाहाने याच किल्ल्यात दरबाराला बोलावून मारले, त्यांच्याबरोबर मुलंही गेली. शिवरायांचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षी. ज्या बाईचं माहेर त्या किल्ल्यात एका दिवसात संपलं, तिच्या मुलाने पुढे गडांवरच स्वराज्य उभं केलं.

अक्कलकोटवाली
मॅडम हे माहीत नव्हतं. लखुजीरावांना मारलं हे वाचलेलं पण कुठं ते लक्षात आलं नव्हतं. माझं वाक्य मागे घेते.

सात_रस्ता
एकनाथ महाराजांचं पण सांगा कुणीतरी. पैठणहून लहान वयात ते देवगिरीलाच आले ना, जनार्दनस्वामींकडे? स्वामी निजामशाहीत त्या किल्ल्याचे किल्लेदार होते. म्हणजे हातात किल्ल्याच्या चाव्या आणि तोंडात दत्ताचं नाव. माझे वडील नाथांची ती गोष्ट दर पारायणाला सांगायचे, की हिशेबात एक पै सापडेना म्हणून नाथ रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदानं ओरडले. तो हिशेब याच किल्ल्यावरचा.

भटका_बार्शीकर
आणि आपल्या भुईकोटाचा संबंध पण आहेच की. १३४७ ला दख्खनच्या सरदारांनी तुघलकाविरुद्ध बंड केलं आणि हसन बहमनशहाला गादीवर बसवलं ते दौलताबादेत. मग त्यानं राजधानी गुलबर्ग्याला नेली, ते आपल्या उंबऱ्यावर. सोलापूरचा किल्ला बहमनी काळातलाच धरतात. म्हणजे दिल्लीविरुद्धचं बंड देवगिरीवर झालं नसतं तर आपला भुईकोट आज असा दिसला नसता.

पुढं निजामशाही आणि आदिलशाही दोघं सोलापूरसाठी वर्षानुवर्षं भांडले, आणि चांदबीबी अली आदिलशहाला दिली तेव्हा निजामशहानं सोलापूरचा किल्ला आंदण दिला.

कडकभाकरी
म्हणजे आपण आंदणात गेलेली माणसं. आता सासर माहेर दोन्ही आपलंच 😄

होटगी_नाका
मी मागच्या वर्षी पोरांना घेऊन गेलेलो. मेंढा तोफ बघून धाकटा तिथून हलायलाच तयार नाही, तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे म्हणून. अंधारीत वटवाघळं आणि बाहेर वानरं, हातातली पिशवी सांभाळा. इब्न बतूता तिथं आलेला तेव्हा त्यानं लिहून ठेवलंय की तिथल्या कैद्यांच्या कोठडीत मांजराहून मोठे उंदीर आहेत. हे ऐकल्यावर पोरगी रडायलाच लागली. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशहा पण तिथंच चिनी महालात औरंगजेबाच्या कैदेत होता, तिथंच गेला.

विजापूर_वेस
सगळं झालं पण शेंगाचटणीच्या प्रश्नाचं काय? १६३३ ला कसा पडला?

भटका_बार्शीकर
सांगतो. महाबतखानानं वेढा घातला, किल्ल्यात मलिक अंबरचा मुलगा फतेहखान. सुरुंग लावून बाहेरचे तट एकेक करून घेतले. पण डोंगर? डोंगराला कुणी हात लावू शकलं नाही. आत दाणागोटा संपत आला. विजापूरची फौज, मुरार जगदेव वगैरे, बाहेरून धान्य आत पोचवायचा प्रयत्न करत होती आणि मोगल ते मध्येच पकडत होते. शेवटी फतेहखानानं किल्ला देऊन टाकला. पुढं १७६० ला उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांकडं आला तो तर तहातच आला.

शेंगाचटणी
म्हणजे डोंगर चढून तो कुणीच घेतला नाही!! दोन्ही वेळी धान्यच. १२९६ ला मीठ निघालं, १६३३ ला वाटेत अडवलं. मी खंदक, अंधारी, तोफा सगळ्याचे फोटो काढून आणले आणि धान्य कुठं ठेवत असतील हे बघितलंसुद्धा नाही. परत जावं लागणार.

हमालाचा_पोर
वडलांशी बोललो. आधी त्यांनी पूर्ण गोष्ट दोनदा सांगायला लावली, शत्रू कुठून आला, पोती कुठं पडलेली, किती उंच चढवायची, पायऱ्या कशा. मग बराच वेळ गप्प. मग जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दात लिहितो.

"उचलणाऱ्याला कळलंच असणार. पयल्याच खेपंला कळतंय. पर तवा घोडी दिसाय लागलेली, मुकादम वर आन वर म्हणत असंल, तितं कोण म्हणंल की ह्यात मीठ हाय. आमी पण यार्डात किती येळा सांगितलं की ह्यो माल भिजलाय, कोण ऐकतंय, थप्पी लाव म्हणत्यात. ती माणसं पण उपाशीच राहिली की, वर नेऊन."

माझं मत बदललं. गोष्ट खरी असू शकते.

माजी_शिक्षिका
तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी ही गोष्ट तीस वर्षं राजाचा निष्काळजीपणा म्हणून शिकवली.

तांड्यावरचा
पोती वर नेणारे पण वरच अडकले हे मी पण धरलं नव्हतं.

शेंगाचटणी
@हमालाचा_पोर, दिवाळीनंतर परत जाणार आहे, गाडीत दोन जागा आहेत. वडिलांना घेऊन येतोस का? पार वर बारादरीपर्यंत जमणार नाही त्यांना, पण खंदकापर्यंत आरामात जाता येतं.

हमालाचा_पोर
विचारलं आत्ताच. येतो म्हणाले. गुडघे दुखतात पण ती वाट बघायचीय म्हणाले, पोती कुठून चढवली ती. जाताना तुळजापूरला थांबू.

कडकभाकरी
भाकरी, शेंगाचटणी आमच्याकडून. पंढरीच्या ताई तुम्ही पण चला, गाडी मोठी करू.